केरबाच्या फटफटीचं वायरिंग

एका गावात एक भोळा माणूस होता, असं म्हटलं की बाकीचं गाव शहाणं होतं असं वाटतं. तसं काही नव्हतं. पण भोळा म्हणून नाव झालं ते एकट्या केरबाचं. केरबाला जे सांगाल ते तो करायचा. त्यात पदरचं काही घालायचा नाही आणि त्यातलं काही गाळायचाही नाही. लहानपणी मास्तर त्याला म्हणाले होते, "मी येईपर्यंत या बाकावरून हलायचं नाही." त्याच दुपारी मास्तरांची बदली झाली. संध्याकाळी बापाने केरबाला बाकासकट घरी आणला.

त्याची बायको हौसा मात्र हुशार होती. हा माणूस कसा पत्करलास, असं बायका तिला पाणवठ्यावर विचारायच्या. ती म्हणायची, "दारू सोडा म्हनलं, सोडली. दुसऱ्यांदा सांगाय लागलं न्हाई. तुमच्यात कुनाचा असा हाय?" मग बायका घागरी उचलून चालू लागायच्या.

पाणवठ्यावर जावं लागे, कारण हौसाच्या गल्लीत नळ होता पण नळाला पाणी नव्हतं. टाकीतून निघालेलं पाणी गल्लीपर्यंत पोचायचंच नाही. टाकीखाली सरपंच आबासाहेबांचा ऊस होता. ऐन वैशाखात सगळं शिवार करपून जायचं, पण आबांचा ऊस हिरवागार उभा असायचा. त्याला पाणी कुठून मिळतं हे कुणालाच माहीत नव्हतं. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं, पण विषय कुणी काढत नसे.

आबा दर वेळी बिनविरोध निवडून येत. या वेळी हौसा म्हणाली, "मी हुभी ऱ्हानार." अर्ज तालुक्याला जाऊन भरायचा होता. आबांनी कुणाला धमकी दिली नाही. त्यांनी फक्त घरोघरी जाऊन सगळ्यांच्या गाड्यांची चौकशी केली. तेवढ्याने गावातल्या, केरबाची सोडून, एकूण एक जीपा आणि फटफट्या नादुरुस्त झाल्या. एस.टी. तर रस्ता खोदल्यापासून बंदच होती. पहाटे निघालं तर तालुका पायीही गाठता आला असता, पण घरात फटफटी असताना पायी कशाला जायचं? केरबाची फटफटी होती. जुनी, पण एका किकमध्ये चालू होणारी.

ती किक अर्ज भरायच्या आदल्या दिवशी सकाळी फुकट गेली. दुसरीही गेली. केरबाने सीट उचलून पाहिलं. फटफटी शेंगांच्या पोत्यांशेजारी उभी असायची. शेंगा खाऊन कंटाळलेल्या उंदरांनी वायरी खाल्ल्या होत्या. पेट्रोलच्या टाकीखालून, सीटखालून, जागोजाग तांबं उघडं पडलं होतं.

गावात एकच मिस्त्री, दस्तगीर. तो भाचीच्या लग्नाला मिरजेला गेला होता आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परतणार होता. केरबाने फोन लावला. मागे बँड वाजत होता.

"नवीन वायरिंग मागवून घे," दस्तगीर ओरडून म्हणाला. "बसवाय लाग. अडलास की फोन कर, मी सांगतो."

दुधाच्या टेम्पोवाल्याने तालुक्याहून नवं वायरिंग गोणपाटात गुंडाळून आणून दिलं. हौसाला तसंच गुंडाळून न्यायची मात्र त्याची छाती झाली नाही.

केरबा कामाला बसला. त्याने जुन्या वायरीला पकड लावली आणि चर्र करून ठिणगी उडाली. मिशीचं एक टोक करपलं. त्याने फोन लावला.

"आरं, बॅटरी सोडलीस का आधी?" दस्तगीर म्हणाला. "आधी करंट तोडायचा, मग कामाला हात लावायचा."

"कुठल्याबी कामाला?"

"कुठल्याबी!" दस्तगीरला तिकडे वरातीत नाचायला बोलवत होते.

केरबाने बॅटरी सोडली. नियम सोपा होता आणि पटण्यासारखाही होता. तेवढ्यात हौसाने दळणाचा डबा हातात दिला. नेमगोंडाच्या गिरणीवर ही गर्दी. जात्यात ज्वारी पडत होती, पट्टा फडफडत होता, पिठाच्या धुरळ्यात नेमगोंडा पांढराफेक होऊन उभा होता. तो म्हणाला, "केरबा, ह्यो डबा जरा खाली धर की."

डबा धरायचा म्हणजे कामच. केरबाने आधी भिंतीवरचा खटका खाली ओढला आणि मग डबा धरला.

गिरणी थांबली. पट्टा निसटला, ज्वारी जात्यात घट्ट बसली. आता जातं उघडल्याशिवाय इलाज नव्हता. रांगेतल्या बायकांनी केरबाच्या सात पिढ्यांची आठवण काढली. नेमगोंडा म्हणाला, "शाण्या, चालू काम मधीच बंद पाडतंय का कोन? सुरू झालंय ते हुईस्तोवर हात लावायचा न्हाई!"

"हे मला मिस्त्री बोलले न्हाईत," केरबा म्हणाला. नवं कळलं म्हणून त्याला बरंच वाटलं.

घरी आला तर म्हशीची धार काढायची वेळ झाली होती. रेडकाला आधी सोडायचं, म्हशीला पान्हा फुटला की त्याला बाजूला ओढायचं, मग हौसा धारेला बसायची. ओढायचं काम रोज केरबाचं. आज त्याने रेडकू सोडलं. रेडकू प्यायला लागलं. सुरू झालंय ते हुईस्तोवर हात लावायचा नाही. केरबा दोन्ही हात पाठीमागे धरून उभा राहिला. रेडकू पीत राहिलं. त्याला जन्मात पहिल्यांदाच असा मालक भेटला होता.

हौसा चरवी घेऊन आली तेव्हा रेडकाचं पोट टम्म फुगलं होतं आणि म्हशीच्या आचळात थेंब नव्हता.

"अवो, डेअरीला काय घालू आता? माझं कपाळ?" हौसा कडाडली. "दाव्यानं करकचून बांधायचं त्याला! तसूभर हलता येऊ नये असं!"

केरबाने रेडकू तर बांधलंच. मग तो फटफटीकडे गेला. नवी वायर हँडलच्या मानेपाशी लोंबत होती, हात लावला की हलत होती. त्याने ती करकचून आवळली. चिकटपट्टी गुंडाळली, वरून सुतळी बांधली. आता वायर तसूभर हलत नव्हती, हे पाहून त्याला समाधान वाटलं. कसं काय जमलंय हे बघायला त्याने फटफटी ढकलत गल्लीत काढली आणि उतारावर तिच्यावर बसला.

मारुतीच्या देवळापाशी रस्ता वळतो. फटफटी वळली नाही. वायरीने हँडल धरून ठेवलं होतं. केरबा सरळ नेमगोंडाच्या उकिरड्यात गेला. नेमगोंडा गिरणीचं जातं उघडून बसला होता. त्याने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

"वायर कुठं आवळलीस?" दस्तगीरने फोनवर विचारलं.

"मानेपाशी."

"आरं माझ्या कर्मा! वळायचं असंल तितं ढील सोडायची. ह्या अंगाला नि त्या अंगाला मोकळं फिराय पायजे. ढील, कळलं?"

"कळलं."

संध्याकाळी हौसा म्हणाली, म्हशीला बांधा. केरबा दावं हातात घेऊन विचार करू लागला. फटफटी वळते ती दोनच अंगांना. म्हैस चारी अंगांना वळते. म्हणजे ढील किती लागेल? दावं पुरण्यासारखं नव्हतं, म्हणून त्याने विहिरीचा नाडा त्याला जोडला. म्हैस या अंगाला वळली, त्या अंगाला वळली, मग गल्लीला वळली आणि आबांच्या दारात पोचली. आबांनी बिनविरोध निवडून आल्यावर घालून घ्यायचे झेंडूचे हार आधीच मागवून ओसरीवर टांगले होते. म्हशीने ते सगळे खाल्ले.

आबा स्वतः केरबाच्या घरी आले. आबा कधी चिडत नसत. चिडायला त्यांनी माणसं ठेवली होती. ते गोड आवाजात म्हणाले, "केरबा, जित्राब असू दे न्हाईतर घरची बाई, गरम जागेपास्नं लांब ठेवावी. उगंच पोळतं."

केरबाचे डोळे चमकले. "सायलेन्सरचं म्हनताय न्हवं? खरं हाय. मिस्त्रीबी सकाळी हेच बोलत होते. तिथनं वायर न्यायचीच न्हाई."

हा आपल्याला खेळवतोय की काय, हे आबांना काही केल्या कळेना. ते चपला घालून निघून गेले.

त्या रात्री हौसा शेजारी गेली होती. जाताना म्हणाली होती, "चूल पेटलीया, आमटी बघा." केरबाने आमटीचं पातेलं चुलीपासून उचललं आणि अंगणात तुळशीपाशी नेऊन ठेवलं. गरम जागेपासून लांब. मग शेजारी बसून तो आमटी बघत राहिला.

हौसा परत आली. तिने थंड आमटी पाहिली आणि ती चुलीपुढे मटकन खाली बसली. तिला रडू आलं. उद्या शेवटचा दिवस होता. गल्लीतल्या बायका तिच्याकडे डोळे लावून बसल्या होत्या आणि फटफटी अजून अंगणात पोट उघडं टाकून उभी होती. केरबाला फार वाईट वाटलं. तो म्हणाला, "हौसा, तू म्हनशील ते करतो."

"तेच तर," हौसा म्हणाली. तिने डोळे पुसले आणि स्वतः फोन लावला. "दस्तगीरभाऊ, ह्यांना आता नवं काय शिकवू नका. एकच काय ते सांगा. तेवढंच ध्यानात ठेवतील."

दस्तगीरने विचार केला. बँड थांबला होता. तो सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलला. "केरबा, आता डोस्कं चालवायचं न्हाई. जुनी वायर समोर ठेव. ती जितनं गेली हुती तितनंच नवी न्यायची. ती वळली तितं वळवायची. तिला ढील तितं ढील. तांबड्याला तांबडी, हिरव्याला हिरवी. जुनी हुती तशीच्या तशी करायची. तसूभर फरक नको."

"तशीच्या तशी?"

"तशीच्या तशी."

"कायबी सोडायचं न्हाई?"

"कायबी सोडायचं न्हाई!"

केरबाने एक मोठा श्वास घेतला. असा नियम त्याला जन्मभर हवा होता. यात वळणं नव्हती, अंदाज नव्हता. पहाटे उठून त्याने जुनी वायर खुंट्यांवर ताणून बांधली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग तो बोटाने चाचपत चालला. जुनी टाकीखालून पाइपाच्या डाव्या बाजूने गेली होती, नवी तिथूनच नेली. मानेपाशी तिला जेवढी ढील होती तेवढी सोडली. सायलेन्सरला वळसा घातला होता तिथे वळसा घातला. रंगाला रंग लावला. असं सुबक काम गावात कुणी केलं नव्हतं. हौसा दोनदा येऊन बघून गेली आणि दुसऱ्या वेळी चक्क हसली. मग ती न्हायला गेली.

ती हिरवं लुगडं नेसून, कागदांची पिशवी काखेत घालून बाहेर आली, तर केरबा गाल धरून बसला होता. ओठ सुजले होते.

"काय झालं?"

"कायबी न्हाई. झालं सगळं."

केरबाने बॅटरी जोडली, चावी फिरवली. दिवा लागला नाही. किक मारली. फटफटी खोकलीही नाही. पुन्हा मारली. कुठून तरी करपल्याचा वास आला आणि एक बारीक धूर वर गेला.

तेवढ्यात मिरजेहून आलेला दस्तगीर बॅग खांद्यावर घेऊन थेट अंगणात शिरला. त्याने सगळं निरखून पाहिलं. "वा रं! काय वळवलीस वायर! माझ्या बानंबी अशी बसवली नसती." मग त्याने टाकी उचलली आणि तो थबकला. नव्याकोऱ्या वायरीचं तांबं उघडं होतं. पुढे बोटभरावर पुन्हा उघडं. सीटखाली तर तीन वायरी एकमेकींना तांब्याने चिकटल्या होत्या.

"एका रातीत उंदरांनी हीबी खाल्ली?" दस्तगीर हळहळला.

"उंदीर कशाला?" केरबा म्हणाला. "म्या खाल्ली."

दस्तगीरने टाकी खाली ठेवली.

"जुनी तितं तितं कुरतडल्याली हुती," केरबाने समजावून सांगितलं. "एकेक जागा मोजून घेतली. पकडीनं बरूबर जमंना. उंदराचा दात बारीक असतो, न्हवं? मग दातानंच केलं. लै वेळ ग्येला. पर तसूभर फरक न्हाई, बघा."

दस्तगीरने जुनी वायर बघितली, नवी बघितली. खरोखरच तसूभर फरक नव्हता. तो तिथेच उकिडवा बसला आणि डोकं धरलं.

"एक तेवढं ऱ्हायलंय," केरबा ओशाळून म्हणाला. "सीटखाली पिल्लं हुती उंदराची. ती पळाली. घावली की घालतो."

पायी निघायची वेळ कधीच टळली होती. हौसाने पिशवी खुंटीला अडकवली. तालुक्यात अर्ज घ्यायची खिडकी बंद झाली आणि आबा बिनविरोध सरपंच झाले. झेंडू मिळाला नाही म्हणून त्यांनी कण्हेरीचे हार घातले. हौसा केरबाशी बोलेना. भाकरी वाढायची, पण बोलायची नाही. केरबाला आपलं काय चुकलं ते कळत नव्हतं आणि म्हणून तो जास्तच दुःखी होता.

वायरीची गोष्ट गावभर झाली. सगळे पोट धरून हसले. आबा मात्र हसले नाहीत. असा माणूस आपल्याला आधी कसा दिसला नाही, असं त्यांना वाटलं. सांगितलं तेवढंच करतो, का म्हणून विचारत नाही. नेमका तेव्हाच गावाच्या पाण्यासाठी नव्या पाइपलाइनचा पैसा आला होता. आबांनी चर खोदायचं आणि पाइप टाकायचं काम केरबाला दिलं.

"जुनी लाइन हुती तितनंच नवी न्यायची," आबा म्हणाले.

"तशीच्या तशी?" केरबाने अंग सावरून विचारलं.

"तशीच्या तशी. तसूभर फरक नको." आबांना उगाच नव्या वाटेने खोदाईचा खर्च नको होता.

केरबाने जीव ओतून काम केलं. हौसा आपल्याशी बोलेल, तिच्या गल्लीत पाणी येईल, एवढंच त्याच्या मनात होतं.

उद्घाटनाला जिल्ह्याहून मोठे साहेब आले. हौसाच्या गल्लीतल्या नळाला फीत बांधली होती. साहेबांनी फीत कापली, तोटी फिरवली. नळातून फुस्स करून वारा आला. गल्लीतल्या बायका घागरी घेऊन उभ्या होत्या, तशाच उभ्या राहिल्या.

"पाणी कुठंय?" साहेबांनी विचारलं. "लाइन कुणी टाकली?"

"म्या," केरबा पुढे झाला. आपलं काहीच चुकलेलं नाही अशी त्याची खात्री होती, त्यामुळे तो घाबरला नाही. "चला, दावतो."

साहेब निघाले, मागे आबा, मागे सगळं गाव. केरबा चराच्या कडेने सांगत चालला. "हितं जुनी गळत हुती, म्हनून हितं भोक पाडलंय. हितं सांधा ढिला हुता, ढिला ठेवलाय. हितं दगडानं चेमटली हुती, दगड घालून चेमटली." साहेबांचा चेहरा लाल होत गेला. असं करत सगळे टाकीखाली, आबांच्या उसापाशी आले. केरबा वाकला आणि त्याने दोन्ही हातांनी माती बाजूला सारली.

"आन् ह्ये आबांच्या उसाचं तोंड," तो अभिमानाने म्हणाला. "जुन्या लाइनीला हितं खाली बारीक पाइप जोडल्याली हुती, पार उसात ग्येल्याली. लै खोल हुती. दुसरा कोन असता तर त्याला दिसलीबी नसती. पर म्या सोडली न्हाई."

उसात पाणी खळखळत होतं. गावाला ते आज प्रथमच ऐकू आलं.

आबांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतः आवाज चढवला. "आरं, कुनी सांगितलं हुतं तुला?"

"तुमीच की, आबा," केरबा म्हणाला. "तसूभर फरक नको म्हनला हुता."

गर्दीत मागे कुणीतरी फस्सकन हसलं. केरबाने वळून पाहिलं. हौसा तोंडाला पदर लावून हसत होती. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"अवो," ती म्हणाली, "चला घरी. जेवून घ्या."

चौकशी बसली, आबांची खुर्ची गेली आणि गावात पुन्हा निवडणूक लागली. केरबाने अर्जाच्या दिवशी पहाटेच फटफटी पुसून अंगणात काढून ठेवली. दस्तगीरने स्वतः वायरिंग बसवून दिलं होतं आणि ती आता एका किकमध्ये चालू होत होती.

पण हौसा त्याच्याही आधी उठून पायीच तालुक्याला निघून गेली होती.